समासातली पेन्सिल: कॉलेजच्या अभ्यासासाठी चिकित्सक वाचन कसं करायचं

एस.वाय.ची एक मुलगी झेरॉक्सची चार पानं घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आली. पानं सगळी पिवळी. हायलायटर इतका फिरला होता की न रंगवलेली ओळच उठून दिसत होती.

"सर, तीनदा वाचलं. पण लिहायला बसले की काही सुचत नाही."

"लेखक काय म्हणतोय?"

"दख्खनचे दंगे."

"तो विषय झाला. त्याबद्दल म्हणतोय काय?"

तिने पानं मागे-पुढे केली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, सगळंच म्हणतोय."

हे उत्तर दर वर्षी कुणी ना कुणी देतंच, आणि त्यात मुलांचा दोष कमी. बारावीपर्यंत वाचन म्हणजे साठवण: धडा, धड्याखालचे प्रश्न, गाईडमधली उत्तरं. धड्याला उलट प्रश्न विचारला तर मार्क वाढत नाहीत, वेळ मात्र जातो. पदवीला हातात पडणारा लेख, अहवाल किंवा प्रकरण हे कुणीतरी कुणालातरी काही पटवून देण्यासाठी लिहिलेलं असतं. ते नुसतं साठवलं तर दोन लेखकांची एकमेकांविरुद्धची मतं एकाच उत्तरात गुण्यागोविंदाने नांदतात, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

चिकित्सक वाचन म्हटलं की मुलांना वाटतं, आता लेखकाच्या चुका काढायच्या. 'टीका' या शब्दाचंही आपण तसंच करून ठेवलंय. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे असं म्हटलं की वर्गात एकदोघं अजून चमकतात. इथे शोधायची ती एक रेघ: लेखकाला जे ठाऊक आहे ते कुठे संपतं आणि त्याला जे वाटतं ते कुठून सुरू होतं. पटलं की नाही, ते त्यानंतर.

पुढची सगळी पद्धत मी तिच्या त्याच चार पानांवर दाखवतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, साहित्यसमीक्षा यांनाही ती चालते. विज्ञानाच्या शोधनिबंधांना वेगळी शिस्त लागते, ती इथे घेत नाही.

आधी प्रकरण काय ते

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, आजच्या बारामती तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकार-दुकानदारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. हाती लागले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लागल्या. लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचलं. मुंबई सरकारने आयोग नेमला. आयोगाने रयतेच्या, सावकारांच्या आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या जबान्या घेतल्या, साऱ्याचे (म्हणजे जमिनीवरच्या सरकारी कराचे), मालाच्या भावांचे, व्याजाचे आकडे गोळा केले. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. निष्कर्ष असा की सरकारी सारा हे या असंतोषाचं कारण नाही, दोष सावकारांचा.

तिच्या हातातली पानं या अहवालावर बेतलेल्या एका लेखाची होती.

पायरी १: वाचायला सुरुवात करण्याआधी दहा मिनिटं

कोरा कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. पहिल्या तीन गोष्टी मुलं लिहितात, कारण शाळेत 'लेखक परिचय' पाठ केलेला असतो. चौथी सुटते, आणि खरं काम तीच करते.

आयोगाचं बघा. नेमला सरकारने. वाचणार सरकार आणि संसद. आणि आयोगाला मुद्दाम विचारलेला प्रश्न होता: सरकारी साऱ्याची पातळी या उठावाला कारणीभूत आहे का? म्हणजे सारा ठरवणारं सरकार, चौकशी करवणारं सरकार, आणि 'आमचा सारा कारण आहे का' असं विचारणारंही सरकारच. यावरून अहवाल खोटा ठरत नाही. पण 'सारा कारण नाही' हे वाक्य वाचताना पेन्सिल कुठे थांबली पाहिजे, ते मात्र ठरतं.

पुस्तक असेल तर मुखपृष्ठामागचं बारीक अक्षरांतलं पान वाचा. पहिली आवृत्ती कधीची, हातातली कितवी, नुसतं पुनर्मुद्रण की सुधारून काढलेली. १९६२ सालच्या पुस्तकाचं २०२१ मध्ये पुनर्मुद्रण झालं म्हणून त्यातली माहिती २०२१ ची होत नाही. उत्तरपत्रिकेत 'अलीकडील अभ्यासानुसार' असं लिहून त्याखाली साठ वर्षांपूर्वीचं मत देणारे दर वर्षी भेटतात. अनुवाद असेल तर मूळ भाषा आणि अनुवादक यांची नोंद करा. मग प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं पान चाळा. शेवट आधी वाचला तर रहस्यकथेची मजा जाते, शोधलेखाची नाही.

पायरी २: पहिलं वाचन, पेन्सिल टेबलावर

पहिल्या वाचनात काहीही अधोरेखित करायचं नाही. कोणती ओळ महत्त्वाची, हे लेख संपेपर्यंत कळतच नाही. म्हणून तर सगळं पान पिवळं होतं. एका बैठकीत, अडलं तरी न थांबता शेवटपर्यंत जा. संपलं की पानं उलटी ठेवा आणि एक वाक्य लिहा: "लेखक म्हणतो की…" या 'की'नंतर पूर्ण वाक्य यायला हवं, क्रियापदासकट. 'दख्खनचे दंगे' हे वाक्य नव्हे. 'दंग्यांचं मूळ सावकारीत होतं, साऱ्यात नाही' हे वाक्य. ते चुकलं तरी चालेल, दुसऱ्या वाचनात दुरुस्त होईल.

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी मजकूर वाचणाऱ्यांसाठी थोडं अधिक. प्रत्येक अडलेला शब्द मोबाईलवर बघत बसलात तर पानाला अर्धा तास लागेल आणि पानाच्या शेवटी पहिलं वाक्य विसरलेलं असेल. तेवढ्यापुरती पेन्सिल उचलून अडलेल्या शब्दाभोवती गोल करा, पुढे चला. संपल्यावर गोल मोजा: जो शब्द तीनदा आलाय, तोच आधी बघा. शिवाय खरा धोका अनोळखी शब्दांचा नसतोच, ओळखीच्या शब्दांचा असतो. या विषयात 'सेटलमेंट' येतं. मुलं 'तडजोड' किंवा 'वस्ती' असा अर्थ लावतात आणि वाक्य कसंबसं जुळवून घेतात. इथे ती जमाबंदी आहे, जमिनीचा सारा ठरवणं. 'लिमिटेशन' म्हणजे मर्यादा नव्हे, दावा लावण्याची मुदत. अशा शब्दांसाठी साधा शब्दकोश अपुरा पडतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. त्या-त्या विषयातला अर्थ तिथे बघा.

पायरी ३: दुसरं वाचन, समासात दोन नोंदी

आता पेन्सिल हातात. पेनही नको, हायलायटरही नको, कारण खोडावं लागणार आहे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन गोष्टी लिहायच्या. हा परिच्छेद काय म्हणतो, तीन-चार शब्दांत. आणि हा परिच्छेद काय करतो, एका शब्दात.

'करतो' म्हणजे काय, यावर वर्गात नेहमी अडतं. परिच्छेद दावा करतो, पुरावा देतो, उदाहरण देतो, व्याख्या करतो, दुसऱ्याचं मत मांडतो, ते खोडतो, थोडी माघार घेतो, नाहीतर नुसताच पाल्हाळ लावतो. हो, 'पाल्हाळ' लिहायलाही हरकत नाही. मोठमोठ्या विद्वानांच्या पानांवर मी तो शब्द लिहिलाय.

तिच्या चार पानांत अकरा परिच्छेद होते. नोंदी झाल्यावर दिसलं ते असं: पहिले दोन प्रसंगाचं वर्णन, तिसऱ्यात दावा, चार ते सात पुरावा, आठव्यात 'काही जण साऱ्याकडे बोट दाखवतात' असं दुसऱ्याचं मत, नवव्यात ते खोडणं, दहाव्यात थोडी माघार, अकराव्यात निष्कर्ष. तीनदा वाचून जे हाती लागलं नव्हतं, ते समासातल्या अकरा शब्दांत मावलं.

त्यातला आठवा परिच्छेद फार घातक. आपल्याकडे शास्त्रग्रंथांची जुनी रीत आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, तेही ताकदीने, मग उत्तरपक्ष. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यातही 'कोणी म्हणतील की' असं म्हणून लेखक पानभर विरोधकाची बाजू मांडतो आणि मग ती उलटवतो. घाईत वाचणारा तेच पान लेखकाच्या नावावर टाकतो. परीक्षेत लेखकाच्या तोंडी त्याच्या विरोधकाचं मत घालणारी उत्तरं मी इतकी तपासलीत की 'कोणी म्हणतील' दिसलं की समासात मोठा 'पू' काढायची सवयच लावून घेतलीय. तुम्हीही काढा. 'पू'नंतर 'परंतु', 'तथापि', 'पण हे खरे नव्हे' यांपैकी काय येतं आणि कुठे येतं, तेही बघा. लेखक स्वतःच्या आवाजात तिथून बोलायला लागतो.

पायरी ४: वाक्यांमधले सांधे तपासा

यासाठी मी मुद्दाम एक उतारा रचलाय. त्यातली पाहणी, आकडे, सगळं काल्पनिक आहे.

'गेल्या दहा वर्षांत ग्रामीण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून पुस्तके नेणाऱ्यांची संख्या घटली आहे. याच काळात विद्यार्थ्यांच्या हाती स्मार्टफोन आले. साहजिकच तरुण पिढीचे वाचन संपत चालले आहे. एका महाविद्यालयातील पाहणीत ७० टक्के विद्यार्थ्यांनी महिन्याभरात एकही पुस्तक वाचले नसल्याचे सांगितले. ग्रंथालयांचा निधी वाढवण्यापेक्षा फोनवर निर्बंध घालणे म्हणूनच अधिक गरजेचे आहे.'

भरभर वाचलं तर मान डोलते. आता एकेक वाक्य घेऊ.

पहिलं वाक्य माहिती देतं. ती ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीतून तपासता येईल. ठीक.

दुसरं वाक्यही माहितीच. पण 'याच काळात' या शब्दांनी दोन गोष्टी शेजारी बसवल्या. शेजारी बसलेल्यांचं नातं असतंच असं नाही. त्याच दहा वर्षांत ग्रंथालय चारला बंद होऊ लागलं असेल, ग्रंथपालाची जागा रिकामी राहिली असेल, शेवटची एसटी गाठायची म्हणून मुलं तास संपताच पळत असतील.

तिसऱ्या वाक्यात उडी आहे. पुस्तक नेणं घटलं ते 'वाचन संपलं' कधी झालं? पीडीएफ वाचणारा, झेरॉक्स वाचणारा, मित्राचं पुस्तक वाचणारा या नोंदवहीत येत नाही. शिवाय 'ग्रामीण महाविद्यालयं' जाऊन 'तरुण पिढी' आली. आणि या दोन्ही उड्यांवर पांघरूण घातलंय ते 'साहजिकच' या शब्दाने. जिथे गोष्ट खरोखर साहजिक असते तिथे तो शब्द लागत नाही. 'अर्थातच', 'निःसंशय', 'सर्वज्ञात आहे', 'कोणीही मान्य करेल' हे सगळे त्याचेच भाऊबंद. यांच्याखाली पेन्सिलीची रेघ मारा; दहापैकी चार-पाच वेळा तरी सांधा तिथेच कच्चा निघतो. हा माझा तपासनीस म्हणून अंदाज, गणित नव्हे.

चौथं वाक्य आकडा देतं आणि आकडा दिसला की आपण नरमतो. विचारा: किती जणांना विचारलं? कोणी विचारलं? वर्गात हात वर करायला सांगून की निनावी कागदावर? 'पुस्तक' म्हणजे क्रमिक पुस्तक धरलं की नाही? महिना कोणता, परीक्षेचा की दिवाळीच्या सुट्टीचा? आणि सगळ्यात मोठं: दहा वर्षांपूर्वीचा आकडा कुठे आहे? एकाच वेळी मोजून 'घट' सिद्ध होत नाही.

पाचवं वाक्य सर्वांत चलाख. 'निधी' हा शब्द उताऱ्यात इथे पहिल्यांदा आलाय. त्याबद्दल आधी एक अक्षर नाही, पण 'म्हणूनच' असं आलंय की जणू वरच्या चार वाक्यांतून तेच निघतं. आणि निधी की निर्बंध, हे दोनच पर्याय ठेवलेत.

एवढं करूनही 'मुलांचं वाचन कमी झालं नाही' असा निष्कर्ष निघत नाही, हे लक्षात ठेवा. झालंही असेल. निघतं ते इतकंच की या उताऱ्याने ते दाखवलेलं नाही. हा फरक कळायला माझ्या वर्गाला साधारण एक सेमिस्टर लागतं.

पायरी ५: कारण सांगितलं असेल तर 'तेव्हाच का?' विचारा

पुन्हा सुप्याकडे. अहवाल म्हणतो, दोष सावकारांचा. बरं. पण सावकार काही १८७५ मध्ये उगवले नव्हते. मग याच वर्षी का? जे कारण आधीपासून होतं, ते एकट्याने आजच्या घटनेचा उलगडा करू शकत नाही. मधे काहीतरी बदललेलं असतं. ते शोधायला लागलं की तोच विषय उघडतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनच्या गिरण्यांचा कापूस मुख्यतः तिथून यायचा, तो आटला. इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी शेतकऱ्यांना मागाल तितकी उचल दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि सावकारांनी हात आखडला. जुनी वसुली मात्र सुरू राहिली. त्याच सुमारास जमाबंदीची मुदत संपून फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. तिसरी गोष्ट, १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा हेतू. घडलं उलटं: सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घेऊ लागला, आणि थकलेली रक्कम व्याजासकट नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढू लागली. लोकांनी नेमके रोखे आणि वह्याच का जाळल्या, ते इथे कळतं.

आता अहवालाचं वाक्य पुन्हा वाचा. सावकार कारणीभूत होते, हे खोटं नाही. पण सावकाराचा हात आखडणं ब्रिटनच्या कापूसबाजाराशी बांधलेलं होतं, त्याचा रोखा सरकारच्या कायद्याशी, आणि शेतकऱ्याची निकड साऱ्याच्या हप्त्याशी. 'सावकार की सारा' ही विभागणी प्रश्न विचारणाऱ्याची होती, शेतकऱ्याच्या घरात ती तशी नव्हती. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याने लगाम घातला तो सावकारी व्यवहारांना. रोगाचं निदान जसं, तसंच औषध.

मात्र इथे एक मोह होतो तो आवरा. तिने माझ्यासमोर नवव्या परिच्छेदाशेजारी 'खोटं!' असं लिहिलं. मी खोडायला लावलं. सरकारी अहवाल म्हणून फेकून दिला तर रयतेच्या जबान्या, व्याजाचे दर, भाव हेही त्याच्याबरोबर जातात. अहवालाविरुद्ध बोलायचं तरी साहित्य त्याच्याच पोटात आहे. निष्कर्ष नाकारून पुरावा ठेवून घेता येतो, आणि इतिहासाचे अभ्यासक हेच करत आलेत. तिने 'खोटं' खोडून लिहिलं, 'हे त्यांना कसं कळलं?' ही नोंद पुढे कामाला येते, आधीची आली नसती.

शब्द कोणाच्या तोंडचा आहे

यावर थोडक्यात. 'दंगे' हा शब्द बघा. बंदोबस्त करणारा 'दंगा' म्हणतो, त्यात उतरलेला 'उठाव' म्हणेल, आणि ज्याचं दुकान लुटलं गेलं तो आणखी तिसरंच काही. शब्द बदलायची सक्ती नाही, मी स्वतः वर 'दंगे' आणि 'उठाव' दोन्ही वापरलेत. पण लेखकाने कोणता उचलला ते टिपा. तसंच मराठीतलं 'असे मानले जाते', 'असे दिसून येते', 'असे आढळले आहे'. कर्ता कुठे गेला? समासात लिहा: 'कोण मानतं?' पुष्कळदा उत्तर निघतं, लेखक आणि त्याचे दोन मित्र.

जे पानावर नाही

हे सर्वांत अवघड, कारण अधोरेखित करायला काही नसतं. आयोगापुढे रयत बोलली ती मराठीत, अहवाल इंग्रजीत. मधे लिहून घेणारा होता, भाषांतर करणारा होता. सरकारी अधिकाऱ्यासमोर उभा असलेला शेतकरी, रोखे जाळल्याची चौकशी चालू असताना, किती आणि काय बोलेल? सावकाराच्या वहीत लेखी पुरावा आहे, कुणब्याकडे आठवण. घरातल्या बायकांचं काय, त्यांचे दागिने गहाण होते का, त्यांना कोणी विचारलं का? प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न करा: यात ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांच्यापैकी कोणाचा आवाज नाही?

दुसरा कागद शेजारी ठेवा

एकच मजकूर कितीही चाळणी लावून वाचला तरी तो स्वतःच्या चौकटीत तुम्हाला धरून ठेवतो. त्यामुळे दुसरा हवाच, आणि शक्यतो वेगळ्या जागेवरून लिहिलेला. इथे साधा शेजारी म्हणजे महात्मा फुल्यांचं १८८३ चं 'शेतकऱ्याचा असूड'. तोच काळ, तोच शेतकरी. पण बोट सावकाराइतकंच कचेरीतल्या सरकारी नोकरांकडे, भटशाहीकडे आणि सरकारच्या करांकडे.

या पुस्तकाच्या आरंभीच्या 'विद्येविना मति गेली' या ओळी शाळेच्या भिंतीवर सगळ्यांनी वाचल्यात. वर्गात अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं: 'फुले शिक्षणाचे महत्त्व सांगतात.' आता वरची पद्धत लावा. ओळी काय करतात? कारणांची साखळी बांधतात: विद्या, मती, नीती, गती, वित्त, आणि टोकाला 'शूद्र खचले'. साखळी पोचते ती पैशाशी आणि एका नेमक्या समाजाशी, आणि उभी आहे ती शेतकऱ्याच्या दैन्यावरच्या पुस्तकाच्या दाराशी. भिंतीवर सुविचार म्हणून रंगवली की हे सगळं गळून पडतं. एकेक कडी तपासायला घ्या: विद्येविना मती जाते, मान्य? नीतीविना गती? तिथे फुल्यांशी वाद घालता येईल, आणि तो घालणं म्हणजे त्यांना नीट वाचणं.

एक सावधगिरी. दोन कागद एकच गोष्ट सांगतात म्हणून ती दुप्पट खरी होत नाही. आधी बघा की दुसऱ्याने पहिल्यावरूनच उतरवलेलं नाही ना. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) १८८५ चं, म्हणजे आयोगाच्या अहवालानंतरचं. दोघांत साम्य सापडलं तर आधी तळटीप बघायची, मग आनंद मानायचा.

नोंद कशी ठेवायची

वहीत पानंच्या पानं उतरवू नका. एका मजकुराला पोस्टकार्डाएवढी जागा पुरते. तिचं कार्ड असं झालं:

'आयोगाचा अहवाल, संसदेपुढे १८७८. लिहिणारे सरकारी, वाचणारे सरकारी. विचारलेला प्रश्न: सारा कारण आहे का? उत्तर: नाही, सावकार. आधार: जबान्या, दरांचे तक्ते. कच्चं: सावकार जुनेच, मग ७५ च का? (कापूस, १८५९ चा कायदा, फेरआकारणी.) नाही: बायका, मूळ मराठी जबानी. मला उपयोग: रोखे का जाळले या मुद्द्याला. पान क्र. —'

पान क्रमांक त्याच वेळी लिहा. प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री तो शोधण्यासारखी शिक्षा नाही. आणि लेखकाचं वाक्य जसंच्या तसं घेतलं असेल तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे द्या; दोन महिन्यांनी ते वाक्य तुम्हाला तुमचंच वाटायला लागतं.

कार्ड झालं की लेखकाची बाजू पाच ओळींत अशी लिहून बघा की तो स्वतः वाचून म्हणेल, 'हो, हेच म्हणायचं होतं मला.' मित्राला वाचून दाखवा. तुम्हाला लेखकाचं पटलंय की नाही हे त्याला ओळखू आलं, तर पुन्हा लिहा.

आपलं माप आपल्यालाही

माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं असतात, दुकानदारांचीही. सुप्याचं प्रकरण निघालं की काही चेहरे लगेच पेटतात, काही गप्प होतात. मत असू द्या. पण जो लेख वाचताना समासात एकही प्रश्न पडला नाही, तो पुन्हा घ्या; बहुधा तो तुमच्या मनासारखा असतो. नेत्यांबद्दल, जातीबद्दल, गावाबद्दल वाचताना तर हे मुद्दाम करावं लागतं. मलाही.

वेळेचा हिशेब आणि मोबाईल

दहा पानांच्या लेखाला हे सगळं करायला सुरुवातीला तीन तास लागतील. प्रत्येक मजकुराला ते देणं शक्य नाही, गरजही नाही. एका पेपरसाठी सेमिस्टरमध्ये तीन-चार मुख्य मजकूर असे वाचा. बाकीच्यांना पहिली पायरी आणि एक वाक्य पुरे. गाईड टाकून द्या असं मी म्हणणार नाही, परीक्षा तुम्हाला द्यायचीय. फक्त ते नंतर उघडा, आणि समासात पेन्सिल घेऊनच.

मोबाईलवर पीडीएफ वाचताना पडद्यावर एका वेळी दीड परिच्छेद मावतो, त्यामुळे 'करतो'ची साखळी दिसत नाही. मुख्य मजकुराची तरी झेरॉक्स काढा, आणि दुकानदाराला सांगा, समास कापू नको. एआयकडून सारांश घेणारे आता पुष्कळ आहेत. तो बहुतेक 'काय म्हणतो' तेवढंच देतो, तेही कधी पूर्वपक्ष लेखकाच्या गळ्यात मारून. स्वतःचं कार्ड आधी लिहा, मग हवं तर ताडून बघा.

ती मुलगी पुढच्या आठवड्यात त्याच चार पानांची नवी झेरॉक्स घेऊन आली. पिवळं काही नव्हतं. आठव्या परिच्छेदाशेजारी मोठा 'पू', आणि शेवटच्या पानाच्या खाली बारीक अक्षरात, 'जबान्या मूळ मराठीत कुठे मिळतील?' मला सांगता आलं नाही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तिथे विचारायला हवं, एवढं म्हणालो. तिने त्याच समासात लिहून घेतलं.